चाबूक खुंटीवर ठेवायचे तीन दिवस

आमच्या घरात घोड्यांसाठी चाबूक होते आणि आईसाठी दोरी होती. चाबकांची खुंटी देवघराशेजारी, दोरीची स्वयंपाकघराच्या दाराआड. दोरी म्हणजे घोड्याच्या जुन्या मोरखीचा, तोंडावर बांधायच्या दोराचा, तुटका तुकडा, हातभर लांब, घामाने कडक झालेला. अप्पांनी तो आईसाठी मुद्दाम राखला होता असं नाही. एकदा हाताला लागला आणि मग तिथेच राहिला.

आम्ही चिकपेटेच्या मागच्या गल्लीत राहत होतो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून इकडे आले, असं काका सांगायचे. माझ्या वेळेपर्यंत चार घोडे उरले होते आणि ते जटके ओढायचे. जटका म्हणजे एका घोड्याची, गोल छपराची भाड्याची गाडी. दोन गाड्या होत्या, घोडे आळीपाळीने जुंपायचे. देवघराच्या दारासमोरच्या पत्र्याच्या शेडला अप्पा आणि काका तरीही पागा म्हणायचे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, मग पागेत लीद उचलायला हात कमी पडले म्हणून घरी बसले. घरी बसले म्हणजे बसायला कधी मिळालं नाही.

वर्षातून एकदा, शिमगा आणि उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, मध्ये, जटके तीन दिवस बंद असायचे. त्या तीन दिवसांत सगळं घर घोडे घेऊन आनेकलच्या पलीकडच्या टेकड्यांत जायचं. तिथे खडकातून एक झरा फुटतो आणि खाली त्याचा डोह झाला आहे. घोडे डोहात पोहायचे, आम्हीही पोहायचो, राहुटी ठोकून दोन मुक्काम करायचो. आमच्या कुणा पूर्वजाला जखमी अवस्थेत त्याच्या घोडीने या झऱ्यापर्यंत आणलं आणि तो वाचला. तेव्हापासून घराला एक नेम होता. निघायच्या आधी सगळे चाबूक धुऊन, तेल लावून, देवाजवळच्या खुंटीवर टांगायचे, वर जास्वंद ठेवायची. परत येईपर्यंत घोड्यावर हात उचलायचा नाही. काडीसुद्धा नाही. कुणी उचललाच, तर घोड्याला जितके बसले तितके मारणाऱ्याला बसायचे, जसे मारले तसे, आणि ते घरच्या कर्त्याने द्यायचे. मारणारा कोण आहे ते बघायचं नाही.

काकांना लहानपणी तीन बसले होते. ते पाठ दाखवून सांगायचे, "शिंगरू चावलं म्हणून फोकाने मारलं तीनदा. आजोबांनी फोक शोधायला मलाच पाठवलं. जाडा आणला तर मला लागेल, बारीक आणला तर खोटं होईल. तासभर झाडाखाली उभा राहिलो."

या तीन दिवसांत आईला मात्र मार चुकत नव्हता. नेम घोड्यांचा होता. भाकरी करपली म्हणून एका वर्षी अप्पांनी झऱ्यावरच तिच्या डोक्यात तवा घातला होता, आणि लगेच तोच हात धुऊन घोडीच्या पायातला काटा काढायला बसले होते. असं आमचं घर होतं.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षीची गोष्ट सांगते.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, आनेकलला दिली होती. भावजी बैलांचा व्यापार करायचे. लग्नाला तीन वर्षं झाली होती. शिमग्याच्या आठ दिवस आधी अक्का दुपारी एकटीच बसने आली. उजव्या हाताला लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, त्यातून रक्त वाळून काळं झालेलं. आईने कापड सोडवलं तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चपटं झालं होतं, नखं नव्हती.

"दारात सापडली," अक्का म्हणाली.

आईने चूल पेटवली. तिने हळद गरम केली. रात्री भाकऱ्या थापताना मी अक्काला विचारलं, तेव्हा तिने खरं सांगितलं. भावजींनी तिचा हात चौकटीवर धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने दार ओढलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी दार नीट लागलं नव्हतं म्हणून.

"का पण?"

"ताकात पाणी जास्त झालं."

त्याच्या आधी एकदा त्यांनी तिच्या पोटात लाथ घातली होती आणि चार महिन्यांचं गेलं होतं. तेही तेव्हाच कळलं. ती रडत नव्हती. पीठ कमी पडेल का, असं तिने मध्येच विचारलं.

अप्पांनी बोटं बघितली आणि पागेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वैद्याकडून पाला आणून दिला. त्यामुळे मला वाटलं, अक्का आता राहील.

प्रवासाची बैठक आमच्याकडे पागेतच व्हायची. काका कोळशाने जमिनीवर वाट काढायचे. डांबरी रस्ता कुठे सोडायचा, पाणी कुठे पाजायचं, कुठल्या तळ्याच्या बांधावरून गाड्या जातील, यावर दोघा भावांचं दर वर्षी भांडण व्हायचं.

"डांबरावरून नेलं तर नाल आनेकललाच संपतील," काका म्हणाले. "बांधावरून जाऊ. स्वल्प लांब पडेल, पण खुरं राहतील."

"बांधावर मागच्या साली तुझी गाडी उलटली."

"गाडी उलटली, खुरं राहिली ना?"

"अन् माझ्या बायकोचा खांदा निखळला, तो?"

"वहिनींनी तक्रार केली का? मग!"

आई चुलीजवळून ऐकत होती. तिचा तो खांदा अजून वर जात नव्हता. शेवटी बांधावरून जायचं ठरलं. मग सामान. घोड्यांसाठी हुरळी, म्हणजे कुळीथ, दोन पोती, एक भिजवून एक कोरडी. तोंडाला बांधायचे तोबरे चार. राहुटीला दोन ठिकाणी ठिगळ लावायचं. रागीचं पीठ, सुकं मटण, मिरच्या, मीठ. आनेकलच्या पुढे गाड्या जात नाहीत, फक्त घोडवाट आहे, म्हणून तीन खोगिरं आणि सामानाला एक खोगीर साधं. हे सगळं मी तोंडपाठ ठेवायचं, कारण चौथी पास मीच होते.

मग अप्पा म्हणाले, "या साली जावईबापूंना घेऊन जायचं. गाड्या त्यांच्याच अंगणात सोडू. त्यांना तांबडीवर बसवायचं. मान राहील. येताना पोरीला तिथेच ठेवू."

तांबडी आमची सगळ्यांत चांगली घोडी. अप्पा तिला स्वतःच्या ताटातला गूळ द्यायचे.

"त्यांचा राग तांबडीवर उतरेल, दादा," काका हसत म्हणाले. मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हसायचं थांबले.

मी म्हणाले, "अप्पा, अक्काला पाठवू नका. तो मारून टाकील तिला."

"सामान मोज."

"तिची बोटं बघितली ना तुम्ही?"

अप्पा उठले आणि त्यांनी माझ्या कानाखाली दिली. मी खोगिरांवर पडले. उठले तर पुन्हा दिली. दात हलला, तो पुढे दोन दिवसांनी भाकरीत पडला. काका म्हणाले, "बस्स दादा, सरी, सरी, झालं." अप्पा म्हणाले, "दिलेली पोर परत ठेवून घेतली तर हिला कोण करून घेईल? हिच्याच भल्याचं बोलतोय." आणि कोळशाने काढलेल्या वाटेवर बोट ठेवून त्यांनी तळ्याचं विचारलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही नाही. मी झोपले. पण सकाळी खरारा करताना, म्हणजे तांबडीचं अंग घासताना, माझं डोकं चालू झालं. अक्काकडे तीन दिवस होते. जाताना एक, झऱ्यावर एक, येताना एक. अप्पा माझं ऐकणार नव्हते, आईचं तर त्यांना ऐकूच येत नव्हतं. पण एक गोष्ट होती जी अप्पा मोडणार नव्हते. तो नेम.

भावजी हलत नसलेल्या कुठल्याही जिवाला मारायचे. दिवाळीला आमच्याकडे आले होते तेव्हा गल्लीत एक बैल बसला होता. दुसऱ्याचा बैल. त्याची शेपटी त्यांनी पिळली, तो उठेपर्यंत, आणि मग खिळा लावलेल्या काठीने त्याच्या मांड्यांत टोचत राहिले, बैल उभा राहिल्यावरसुद्धा. हा माणूस तीन दिवस घोडीवर बसणार होता. हातात काही असलं तर तो वापरणार. नसलं तर लगाम ओढेल, टाचा मारील, पण त्याला मारणं म्हणता येणार नाही. त्याच्या हातात काहीतरी असायला हवं होतं. सासऱ्याच्या हातचे फटके खाल्ल्यावर तो अक्काला पुन्हा दारात उभी करणार नव्हता.

चाबूक धुऊन टांगायचं काम माझं होतं. चाबूक पाच होते. चार रोजचे, आणि एक पणजोबांचा, वेताच्या दांड्याचा, कातडी वादीचा, पितळेच्या जाड मुठीचा. तो कुणी वापरत नसे. अप्पा निघताना खुंटीकडे बघायचे, म्हणून मी पाचही टांगले, तेल लावलेले, वर जास्वंद. पहाटे सगळे गाडीत बसल्यावर देवाजवळचा दिवा मालवायला मी एकटी आत गेले. पितळी मुठीचा काढला आणि परकराखाली धरून बाहेर आणला. राहुटीच्या वळकटीत तो खुपसताना अक्काने बघितलं. ती गाडीत बसली होती, बांधलेला हात मांडीवर घेऊन. तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "चटणीची बरणी नीट ठेव गं, सांडेल."

आनेकलला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. भावजी अंगणात उभे होते. अप्पांनी त्यांचे पाय धुतले. आमच्यात जावयाचे धुतात. अक्का गाडीतून उतरली. भावजी तिच्याजवळ गेले, तिचा बांधलेला हात हातात घेतला, जणू विचारपूस करायला, आणि दाबला. ती खाली बसली. सगळ्यांनी बघितलं.

"नाजूक झाली आहे माहेरी राहून," भावजी म्हणाले.

अप्पा म्हणाले, "जावईबापू, ऊन उतरायच्या आत निघू या."

त्यांनी खोगिराचा तंग आवळला, भावजींचा पाय रिकिबीत घातला आणि त्यांना तांबडीवर बसवलं. आई दुसऱ्या घोड्यावर, अक्का आणि मी तिसऱ्यावर आळीपाळीने, चौथ्यावर सामान. अप्पा आणि काका पायी. आमच्या घरातल्या बायका त्या वाटेवर घोड्यावर बसतात, तोही जुना रिवाज. शहरात बसल्या असत्या तर लोकांनी दगड मारले असते.

वाट खडकाळ आहे, दोन्हीकडे काटे. काका पुढे चालत बोलत होते. नेम सांगितला, स्वतःचे तीन फटकेही सांगितले. भावजी हसले.

"जनावराला पूजा आणि माणसाला फटके. तुम्ही लोक घोड्यांच्या लिदीतच राहून वेडे झालात."

"वेडे तर वेडे," काका म्हणाले. "पण जावईबापू, फोकसुद्धा तोडू नका हां. आमच्या दादाला मोजता येतं."

म्हणजे त्यांना सांगितलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्यांचे लोक म्हणत होते की जावयाला माहीत नव्हतं.

रात्री मुक्काम झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अक्का आईजवळ झोपली.

सकाळी घोडे पाण्यात सोडले. तो डोह हिरवा आणि थंड आहे, मध्ये दोन पुरुष खोल. घोडे आधी पुढच्या पायाने पाणी बडवतात, मग एकदम आत शिरतात आणि फक्त नाकं वर ठेवून पोहतात. आम्ही काष्टे मारून मागोमाग. अक्का आमच्यात सगळ्यांत चांगली पोहायची. त्या दिवशी ती एका हाताने पोहत होती, बांधलेला हात वर धरून, तरी मला तिला गाठता आलं नाही. ती पलीकडच्या खडकापाशी गेली, जिथे झरा पडतो, आणि तिथे गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिली.

भावजींना पोहता येत नव्हतं. ते काठावर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"ए, बाहेर ये. कपडे धुवायचेत."

अक्का आली नाही.

"ऐकू येत नाही का? बाहेर ये म्हणतो."

अक्का त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तीन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ती आणि तो यांच्यामध्ये असं काही होतं जे त्याला ओलांडता येत नव्हतं. दोनदा, तीनदा हाक मारून झाली. तिने पाण्यात तोंड बुडवलं आणि वर काढलं. बस.

काका पाण्यातून ओरडले, "जावईबापू, बायको पाहिजे तर पोहायला शिका! नाहीतर तिथून हाका मारा, बेडकं तरी येतील!"

भावजी उठले. तांबडी पाण्यातून वर येऊन काठाशी चरत होती. त्यांनी खोगीर न घालताच तिच्यावर मांड टाकली आणि तिला पाण्यात घातली. घोडीने नेऊन बायकोला फरफटत आणायची, असा विचार असावा. तांबडी गुडघ्याइतक्या पाण्यात गेली आणि उभी राहिली. तिला घाई नव्हती. तिने पुढचा पाय उचलून पाणी बडवायला सुरुवात केली, घोडे करतात तसं, खेळ म्हणून. भावजी भिजले. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं.

भावजींनी टाचा मारल्या, आयाळ ओढली. घोडी पाणी बडवत राहिली.

"काहीतरी द्या रे! फोक द्या!"

मी राहुटीकडे गेले. वळकटी रात्रीच सोडली होती, चाबूक मी कापडाखाली सरकवून ठेवला होता. तो घेऊन पाण्यात उतरले आणि मूठ त्यांच्याकडे करून वर धरला.

"घ्या भावजी."

त्यांनी बघितलंसुद्धा नाही कुणी दिला ते. पहिला फटका मानेवर. दुसरा, तिसरा कानांमध्ये. तांबडी उधळून मागे फिरली, तसा चौथा नाकावर आणि पाचवा तिथेच. मग चाबूक त्यांनी उलटा धरला आणि पितळी मुठीने तिच्या तोंडावर मारलं. दोनदा. दुसऱ्या वेळचा आवाज वेगळा होता. कच्चा नारळ फोडल्यासारखा. घोडी ओरडली. घोडी ओरडते तेव्हा बाईसारखी ओरडते, हे मला तेव्हा कळलं. तिने त्यांना पाडलं आणि काठावर चढून थरथरत उभी राहिली. डावा डोळा बाहेर आला होता.

हे मी धरलं नव्हतं. दोन-तीन वळ उठतील, इतकंच मी धरलं होतं.

अप्पा राहुटीमागे तुटका तंग शिवत होते. ते धावत आले. आधी घोडीपाशी गेले. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, बघितलं. मग वळले. भावजी पाण्यातून उठत होते, हातात चाबूक तसाच. अप्पांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उभे राहिले. नुसते उभे राहिले. समोर जावई होता. काल त्याचे पाय धुतले होते. काका हसायचे थांबले होते. मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की ते चाबूक खाली टाकणार आहेत.

तेव्हा आई बोलली. ती कमरेइतक्या पाण्यात होती, वाकडा खांदा घेऊन.

"सात झाले. पाच वादीचे, दोन मुठीचे. मी मोजले आहेत."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिने पुन्हा सांगितलं, "सात."

मग त्यांनी मारायला सुरुवात केली. पहिला पाठीवर, सदरा फाटला. भावजी म्हणाले, "म्हाताऱ्या, मी जावई आहे तुझा." दुसरा. तिसऱ्याला ते धावून आले, तर काकांनी मागून दोन्ही हात धरले. चौथा, पाचवा. प्रत्येकाला कातडं सोलत होतं. अप्पा मारताना एक शब्द बोलत नव्हते, आईला मारताना तोंडाने शिव्या चालू असायच्या. पाच झाल्यावर त्यांनी चाबूक उलटा केला. सहावा जबड्यावर बसला, दात पाण्यात पडले. सातवा गालाच्या हाडावर. भावजी गुडघ्यांवर बसले आणि काठाचं पाणी लाल झालं. पाण्यात लाल फार पसरतं, रक्त तितकं नसतं.

अप्पांनी चाबूक खाली ठेवला. आठवा मारला नाही. मारला असता तर मला बरं वाटलं असतं, पण नेम सातचा होता.

अक्का पलीकडे गळ्यापर्यंत पाण्यात तशीच उभी होती.

भावजी तोंड धरून एकटेच वाटेला लागले. आम्ही घोडीचा डोळा धुतला, पाला बांधला, सामान आवरलं आणि मागोमाग निघालो, कारण गाड्या त्यांच्या अंगणात होत्या. पोचलो तर दोन्ही गाड्या रस्त्यावर ढकललेल्या, एकीचं चाक कुऱ्हाडीने फोडलेलं. भावजी दारात कुऱ्हाड घेऊन उभे होते. तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं होतं.

आणि अप्पा, ज्यांनी सकाळी त्यांचे दात पाडले होते, ते रस्त्यावर हात जोडून म्हणाले, "जावईबापू, नेमाचं होतं ते. झालं ते झालं. पोरीला आत घ्या."

मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. अक्कानेही बघितलं.

भावजींना नीट बोलता येत नव्हतं, तरी कळलं सगळ्यांना. "ही रांड या दारात दिसली तर हिचे तुकडे करून बैलांना घालीन. न्या तुमच्या पागेत. बांधा घोड्यांबरोबर."

अप्पा आणखी बोलणार होते. अक्का गाडीत चढून बसली होती. काकांनी मोडकं चाक रस्त्याकडेला टाकलं, एक गाडी तिथेच सोडली आणि दुसरी जुंपली. आम्ही परत आलो.

घरी आल्यावर अप्पांनी खुंटी बघितली. जास्वंद सुकली होती आणि चाबूक चार होते.

"कुणी नेला?"

"मी."

"का?"

"तो मारील म्हणून."

त्यांनी मला पागेत नेलं. तांबडी तिथे उभी होती, अर्ध्या तोंडाला फडकं बांधून. तिच्यासमोर मला सात बसले, पाच वादीचे, दोन मुठीचे. मुठीचे पायांवर मारले, तोंडावर नाही. पावसाळ्यात डावा गुडघा अजून दुखतो. ते सात मला अन्यायाचे वाटले नाहीत, तेव्हाही नाही. घोडीने माझं काही बिघडवलं नव्हतं.

पुढे अप्पा दोनदा नारळ आणि धोतरजोडी घेऊन आनेकलला गेले. दोन्ही वेळा नारळ परत आला. दुसऱ्या वर्षी भावजींनी दुसरी बायको केली. तिचं काय झालं मला माहीत नाही. विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही.

अक्का राहिली. बोटं वाकडीच जुळली, पण ती पागेचं सगळं करू लागली. तांबडी जटक्याला पूर्वीसारखीच जुंपली जायची. जटक्याच्या घोड्याला डोळ्यांच्या बाजूंना झापडं असतातच. आत बसणाऱ्या कुणाला कधी कळलं नाही की एका झापडामागे डोळा नाही. मला अक्काने कधी काही म्हटलं नाही, बरं केलंस नाही की वाईट केलंस नाही. माझ्या पाठीला हळद लावताना फक्त म्हणाली, "हालू नको."

पुढच्या शिमग्यानंतर पुन्हा बैठक झाली. काकांनी कोळसा घेतला. यंदा आनेकल टाळून कसं जायचं यावर भांडण सुरू झालं. चार चाबूक धुऊन झाले होते, पितळी मुठीचा अप्पांनी मोडून चुलीत घातला होता. अप्पा देवाजवळ उभे राहून एकेक टांगत होते. चौथा टांगून झाला, तेव्हा अक्का स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात दाराआडची दोरी होती. तिने ती चांगली धुतली होती, तेलही लावलं होतं. वाकड्या बोटांच्या हाताने तिने ती खुंटीवर चाबकांशेजारी अडकवली आणि वर जास्वंद ठेवली.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"हीही घोड्याचीच आहे," अक्का म्हणाली. "मोरखीची."

 आई दारात उभी होती. काका कोळसा हातात घेऊन जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता मार पडणार. अप्पांनी दोरीला हात लावला, काढण्यासाठी. तांबडी मागे खुर आपटत होती. त्यांनी हात खाली घेतला आणि काकांना विचारलं, "मग तळ्याचं काय म्हणालास?"

त्या वर्षी झऱ्यावर आईच्या हातून रागीचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, तळाला करपले आणि कुणी काही केलं नाही. ती दुपारभर पाण्यात बसली होती. अक्काने तिला एक खांदा धरून पाठीवर तरंगायला शिकवलं, पंचेचाळिसाव्या वर्षी.

घरी आल्यावर, चौथ्या दिवशी, अप्पांनी चाबूक काढले आणि दोरी काढून दाराआडच्या खुंटीवर परत ठेवली. अक्काने ते बघितलं. पुढच्या वर्षी तिने ती पुन्हा धुतली.